प्रोटॉन टकरींमध्ये सुपरसिमेट्रीचे कण शोधतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि कुठे फसायला होतं

समाकल

सुपरसिमेट्रीवर (माहितीतल्या प्रत्येक कणाला एक जड साथीदार कण असतो या सिद्धांतावर) मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक ‘कल्पना किती देखणी आहे’ इथे सुरू होतं आणि ‘अजून काही सापडलं नाही’ इथे संपतं. मधला भाग, म्हणजे ‘शोधलं’ म्हणजे प्रत्यक्षात काय केलं, तो गळतो. हा धागा त्या मधल्या भागासाठी आहे. सिद्धांत खरा की खोटा हा वाद इथे नको. ट्रिगर (कुठली टक्कर साठवायची ते तिथल्या तिथे ठरवणारी यंत्रणा), कट (घटना निवडायच्या अटी), पार्श्वभूमी (सिग्नलसारख्या दिसणाऱ्या साध्या घटना), आकडेमोड यांवर लिहा.

आधी आकडे. सर्नच्या एलएचसी या प्रोटॉन टक्करयंत्राच्या दुसऱ्या पर्वात (२०१५ ते २०१८, ऊर्जा १३ टीईव्ही; १ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही, वस्तुमानंही याच एककांत) अ‍ॅटलास आणि सीएमएस या तिथल्या दोन प्रयोगांकडे प्रत्येकी जवळपास १४० व्यस्त फेम्टोबार्न डेटा जमला. या आकड्याला एखाद्या प्रक्रियेच्या क्रॉस सेक्शनने, म्हणजे ती घडण्याच्या शक्यतेच्या मापाने, गुणलं की घटनांची संख्या येते. २ टीईव्ही वस्तुमानाच्या ग्लुइनोची (ग्लुऑनच्या साथीदाराची) जोडी तयार होण्याचं क्रॉस सेक्शन या ऊर्जेला साधारण १ फेम्टोबार्न आहे. ग्लुइनो खरंच तेवढा जड असेल तर चार वर्षांत प्रत्येक प्रयोगात सुमारे १४० जोड्या तयार झाल्या असणार. प्रोटॉन-प्रोटॉन अस्थितिस्थापक टकरींचं क्रॉस सेक्शन मात्र ८० मिलीबार्नच्या आसपास आहे (१ मिलीबार्न म्हणजे १ वर १२ शून्यं इतके फेम्टोबार्न). गुणाकार केला की टकरींची संख्या येते ११ वर १५ शून्यं. तेवढ्यांतून १४० घटना वेगळ्या काढायच्या.

ओळखायची खूण कुठली? आर-पॅरिटी (साधे कण आणि सुपरसिमेट्रीचे कण वेगळे ओळखणारी राशी) टिकते असं मानलं तर सुपरसिमेट्रीचे कण जोडीनेच जन्मतात, आणि प्रत्येकाच्या क्षयसाखळीच्या शेवटी सगळ्यांत हलका कण उरतो. तो बहुतेक प्रतिकृतींत न्यूट्रॅलिनो. तो विद्युतभाररहित आणि क्षीण आंतरक्रिया करणारा असल्यामुळे डिटेक्टरमधून खूण न सोडता निघून जातो. टकरीआधी आडव्या दिशेतला एकूण संवेग शून्य असतो, म्हणून नंतरही बेरीज शून्य यायला हवी. जेवढी कमी पडते ती ‘आडवी गायब ऊर्जा’, बोलताना सगळे ‘मेट’ म्हणतात. बऱ्याच जेट (क्वार्क किंवा ग्लुऑनपासून निघालेले कणांचे झोत) आणि मोठी मेट, हा पहिला सापळा.

हे ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की मोठी मेट देणाऱ्या साध्या, माहितीतल्या प्रक्रियाही ढीगभर आहेत, आणि नुसत्या मोजमापाच्या चुकीतूनही ती तयार होते. माझ्या मते या शोधाचं ऐंशी टक्के काम पार्श्वभूमी मोजण्याचं आहे.

उंबरठा

धागा काढल्याबद्दल आभार. सुरुवात ट्रिगरपासून करू, कारण तिथे जी घटना गेली ती कायमची गेली. नंतर कितीही हुशार विश्लेषण केलं तरी परत येत नाही.

प्रोटॉनचे गुच्छ दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांना भिडतात, म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा. पहिल्या पायरीचा हार्डवेअर ट्रिगर त्यातून सुमारे १ लाख पुढे सोडतो, आणि दुसरी, सॉफ्टवेअरची पायरी दुसऱ्या पर्वात त्यातून साधारण हजारभर कायम साठवायची. जेट-अधिक-मेट शोधासाठी मुख्यतः मेट ट्रिगर वापरतात. ट्रिगरमध्ये मेटचा उंबरठा ११० जीईव्हीच्या आसपास ठेवलेला असला, तरी अंतिम विश्लेषणात मेट २०० किंवा २५० जीईव्हीच्या वर मागतात. नवख्यांना हा फरक नेहमी बुचकळ्यात टाकतो. कारण असं की ट्रिगरची मेट घाईत आणि कमी बारकाईने काढलेली असते. खरी मेट १५० असेल तर ट्रिगरला ती कधी ९० दिसते, कधी १६०. कार्यक्षमतेचा वक्र हळूहळू चढतो, आणि तो सपाट होईपर्यंत वर गेलं नाही तर सिम्युलेशनवर भरवसा ठेवावा लागतो. चढणीवर उभं राहून मोजमाप करू नये, हा नियम पाळलेला बरा.

ती कार्यक्षमता मोजायची पद्धत मला फार आवडते. मेट ट्रिगरनेच पकडलेल्या घटना घेऊन मेट ट्रिगर मोजता येत नाही, हे उघड आहे. म्हणून एका म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) ट्रिगरने पकडलेल्या घटना घ्यायच्या. म्युऑन कॅलरीमीटरमध्ये (कणांची ऊर्जा शोषून मोजणाऱ्या भागात) अगदी थोडी ऊर्जा सोडतो, आणि अ‍ॅटलासचा मेट ट्रिगर दुसऱ्या पर्वात कॅलरीमीटरवरूनच हिशेब करायचा. म्हणजे डब्ल्यू बोसॉन म्युऑन आणि न्यूट्रिनोत फुटला की ट्रिगरच्या नजरेत दोघेही गायब. अशा हजारो घटनांमध्ये मेट ट्रिगर किती वेळा पेटला ते मोजलं की वक्र हातात.

शून्यबिंदू

मेटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्या खोट्या ‘शोधां’चा उगम इथे आहे.

मेट म्हणजे स्वतंत्रपणे मोजलेली वस्तू नव्हे. सगळ्या जेट, इलेक्ट्रॉन, म्युऑन, फोटॉन, टाऊ यांचे आडवे संवेग सदिश म्हणून मिळवायचे, कुठल्याच वस्तूत न बसलेले किरकोळ ट्रॅक (विद्युतभारित कणांच्या वाटा) त्यात घालायचे, आणि बेरजेचं चिन्ह उलटवायचं. म्हणजे यातल्या प्रत्येकाची चूक मेटमध्ये उतरते. एक जेट खरी ५०० जीईव्हीची होती, पण तिचा मोठा भाग कॅलरीमीटरच्या फटीत गेला आणि ती ३०० मोजली गेली. झाली २०० जीईव्हीची मेट तयार, एकही अदृश्य कण नसताना.

अशी खोटी मेट त्या चुकलेल्या जेटच्या दिशेला चिकटून असते. म्हणूनच जवळपास प्रत्येक शोधात पुढच्या दोन-तीन जेट आणि मेट यांच्यातला आडवा कोन ०.४ रेडियनहून जास्त हवा अशी अट दिसते. दुसरं हत्यार म्हणजे मेट सिग्निफिकन्स: मेटला तिच्या अपेक्षित अनिश्चिततेने भागायचं. एकूण आडवी ऊर्जा जितकी जास्त तितकी मेटची अनिश्चितता साधारण तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एकूण ४०० जीईव्ही असलेल्या घटनेतली १५० ची मेट आणि एकूण ३००० असलेल्या घटनेतली १५० ची मेट यांचं वजन सारखं नाही.

मग यंत्राचे दोष. कॅलरीमीटरमधला इलेक्ट्रॉनिक गोंगाट, बंद पडलेल्या पेशी, वैश्विक किरणांतले म्युऑन, आणि बीमच्या कडेने येणारा कणांचा प्रभामंडळ. यावर एक साधी तपासणी आहे जी कितीही घाई असली तरी चुकवू नये: मेटच्या दिशेचा, म्हणजे फाय कोनाचा आलेख काढा. निसर्गाला आडव्या प्रतलात कुठलीच दिशा लाडकी नाही, त्यामुळे तो सपाट यायला हवा. ० आणि १८० अंशांवर दोन उंचवटे दिसले तर ते बीमच्या प्रभामंडळातून आले, कारण ते कण वलयाच्या आडव्या पातळीतच जास्त सांडतात. एकाच जागी अरुंद सुळका दिसला तर कुठली तरी पेशी बिघडली आहे.

२०१८ च्या उत्तरार्धात सीएमएसच्या एका टोकाच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचे शेजारशेजारचे दोन विभाग बंद पडले होते. त्या दिशेच्या जेट कमी मोजल्या जायच्या आणि नेमक्या त्याच फाय पट्ट्यात मेट वाढलेली दिसायची. अनेक विश्लेषणांनी त्या काळातल्या, त्या पट्ट्यात जेट असलेल्या घटना सरळ वगळल्या. थोडा डेटा गेला, पण शेपटी, म्हणजे आलेखाचं मोठ्या मेटकडचं विरळ टोक, स्वच्छ झाली.

दशांश

शून्यबिंदू यांच्या प्रतिसादाला पुस्ती. एकाच गुच्छभेटीत दुसऱ्या पर्वात सरासरी तीसेक टकरी व्हायच्या. किरकोळ ऊर्जा कॅलरीमीटरवरून मोजली तर इतर टकरींचा सगळा कचरा तिच्यात येतो. म्हणून तो भाग फक्त मुख्य शिरोबिंदूतून (निवडलेल्या टकरीच्या जागेतून) निघालेल्या ट्रॅकवरून काढतात. त्यात विद्युतभाररहित कण सुटतात, पण तोटा परवडतो.

आता खऱ्या मेटच्या पार्श्वभूमीकडे. यादी छोटी आहे, पण प्रत्येकीचा इलाज वेगळा.

सगळ्यांत चिवट ती झेड बोसॉनची न्यूट्रिनोंमध्ये फूट. जेटसोबत झेड, आणि झेडचे दोन न्यूट्रिनो: हुबेहूब सुपरसिमेट्रीसारखं दिसतं. कुठल्याही कटने ती पूर्ण जात नाही, म्हणून ती मोजावी लागते. सरळ मार्ग असा: झेड दोन म्युऑनमध्ये फुटलेल्या घटना शोधा, ते दोन म्युऑन ‘अदृश्य’ मानून मेट परत काढा, आणि तुमचे बाकी सगळे कट लावा. झेड २० टक्के वेळा न्यूट्रिनोंत फुटतो आणि साधारण ३.३७ टक्के वेळा म्युऑनच्या जोडीत. म्हणून गुणक जवळपास ५.९.

समजा सगळे कट लावून म्युऑनच्या ४० घटना उरल्या, आणि दोन्ही म्युऑन सापडण्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे. ४० भागिले ०.७ म्हणजे ५७, गुणिले ५.९ म्हणजे सुमारे ३४० न्यूट्रिनो घटना. पण ४० वरची सांख्यिकी अनिश्चितता १६ टक्के आहे, ती तशीच वर येते: ३४० अधिक-उणे ५४. कट आणखी कडक केले आणि ४० चे ४ झाले तर अनिश्चितता ५० टक्के. अडचण इथेच आहे. तुम्हाला जिथे पार्श्वभूमी हवी, म्हणजे टोकाच्या शेपटीत, नेमक्या तिथे मोजायला घटना नाहीत.

म्हणून फोटॉन-अधिक-जेट वापरतात. जास्त संवेगाला फोटॉन आणि झेड जवळपास सारखे वागतात, आणि फोटॉनच्या घटना कितीतरी जास्त मिळतात. फोटॉन अदृश्य मानायचा आणि मेट परत काढायची. मोबदल्यात झेड-फोटॉन गुणोत्तराची सैद्धांतिक अनिश्चितता घ्यावी लागते, आणि जेटमधल्या पायॉनपासून आलेले नकली फोटॉन वेगळे काढावे लागतात. चांगली विश्लेषणं दोन्ही मार्ग वापरतात आणि कमी मेटच्या पट्ट्यात एकमेकांशी ताडून बघतात.

दुसरी डब्ल्यू आणि टॉप क्वार्कची. डब्ल्यूचा लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्युऑन किंवा टाऊ) कधी निसटतो, कधी टाऊ होऊन जेटसारखा दिसतो. लेप्टॉनवर बंदी घालूनही या दोन वाटांनी घटना आत शिरतात. इथे एक लेप्टॉन सापडलेला कंट्रोल रीजन (पार्श्वभूमी मोजायला वेगळा काढलेला घटनांचा गट) घ्यायचा, लेप्टॉन आणि मेटवरून काढलेलं आडवं वस्तुमान डब्ल्यूच्या खाली ठेवायचं, बी-टॅग (बी क्वार्कची जेट असल्याची खूण) नसलेला भाग डब्ल्यूसाठी आणि बी-टॅग असलेला भाग टॉपसाठी.

तिसरी निव्वळ जेटची, तिच्यावर कुणी लिहील का?

गणक

निव्वळ जेटच्या पार्श्वभूमीवर सिम्युलेशन चालत नाही. क्रॉस सेक्शन इतकं प्रचंड आहे की शेपटीत पोचायला लागतील तितक्या घटना तयार करणं अशक्य, आणि शेपटीत ज्या येतात त्या मोजमापाच्या दुर्मीळ चुकांमुळे, ज्या सिम्युलेशनमध्ये नीट नसतातच. म्हणून डेटामधूनच काढायची. एक पद्धत म्हणजे नीट मोजलेल्या, कमी मेटच्या घटना घेऊन त्यांच्या जेट प्रतिसाद-फलनाप्रमाणे हजार वेळा हलवायच्या आणि किती मेट तयार होते ते बघायचं.

दुसरी चार खोक्यांची पद्धत. दोन स्वतंत्र चल घ्या, समजा जेट-मेट कोन आणि मेट सिग्निफिकन्स. दोन्हींना एकेक रेघ मारली की चार खोकी होतात. सिग्नलचं खोकं अ, एकेक अट मोडलेली ब आणि क, दोन्ही मोडलेलं ड. चल खरंच स्वतंत्र असतील तर अ मधली पार्श्वभूमी म्हणजे ब गुणिले क भागिले ड. ब १२०, क ६०, ड १८०० असेल तर उत्तर ४, आणि सांख्यिकी अनिश्चितता १६ टक्के, म्हणजे ०.६४.

फसायची जागा ‘स्वतंत्र असतील तर’ या शब्दांत आहे. जेट आणि मेट यांचे बहुतेक चल थोडेफार एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून रेघा सरकवून, सिग्नलपासून दूरच्या पट्ट्यात हाच हिशेब करून बघायचा: भाकीत किती, प्रत्यक्षात किती. ३० टक्के फरक पडला तर तो ३० टक्के सरळ अनिश्चितता म्हणून जोडायचा. मग १६ टक्क्यांची सांख्यिकी अनिश्चितता दुय्यम ठरते. दुसरी चूक: ब आणि क मध्ये डब्ल्यू, टॉप, झेडच्या घटनाही असतात. त्या वजा न करता गुणाकार केला तर पार्श्वभूमी फुगते आणि खरा सिग्नल असला तरी झाकला जातो.

अनुनाद

एक शंका. कट ठरवताना लोक नेमका कशाचा विचार करतात? नुसती मेट वाढवत गेलं तर सिग्नलही जातो ना?

समाकल

अनुनाद, जातोच. कट कुठल्या कणासाठी लावतो आहोत त्यावर सगळं अवलंबून असतं.

जड ग्लुइनोसाठी सगळ्यांत कामाचा चल म्हणजे परिणामी वस्तुमान: सगळ्या जेटचे आडवे संवेग अधिक मेट. दोन जड कण फुटून मिळणारी एकूण ऊर्जा यात थेट दिसते. १ टीईव्हीच्या वरच्या ग्लुइनोसाठी हा चल २ टीईव्हीच्या आसपास किंवा वर मागतात.

स्टॉपसाठी (टॉप क्वार्कच्या साथीदारासाठी), दोन लेप्टॉनच्या वाटेत, एमटी-टू हा चल. दोन अदृश्य कणांत मेट शक्य तितक्या सगळ्या प्रकारांनी वाटून बघायची, प्रत्येक वाटणीत दोन्ही बाजूंच्या आडव्या वस्तुमानांपैकी मोठं घ्यायचं, आणि या मोठ्यांपैकी सगळ्यांत लहान निवडायचं. टॉपच्या जोडीतून आलेल्या खऱ्या घटनांत हा आकडा डब्ल्यूच्या वस्तुमानापलीकडे, म्हणजे ८० जीईव्हीपलीकडे जाऊ शकत नाही. मोजमापाच्या चुकीने थोडा सांडतो. म्हणून १०० किंवा ११० च्या वर मागितलं की टॉपचा डोंगर एकदम कोसळतो, आणि उरते ती झेडसोबत टॉपची जोडी वगैरे दुर्मीळ पार्श्वभूमी. वर्षानुवर्षं पाहूनही मला हा आलेख सुंदरच वाटतो: ८० वर कडा, आणि पलीकडे जवळजवळ मोकळं मैदान.

पण निसर्गाने अडचणीची जागा निवडली असेल तर? स्टॉपचं वस्तुमान टॉप आणि न्यूट्रॅलिनो यांच्या बेरजेइतकंच असेल तर न्यूट्रॅलिनोच्या वाट्याला वेगळा संवेग येतच नाही. घटना साध्या टॉपच्या जोडीसारखी दिसते. अशा वेळी सुरुवातीच्या ग्लुऑनने सोडलेल्या कडक जेटचा आधार घेतात: ती जेट एका बाजूला, म्हणून सगळी जोडी दुसऱ्या बाजूला ढकलली जाते आणि न्यूट्रॅलिनोही त्या धक्क्यातला आपला वाटा घेतात. नाहीतर टॉपच्या जोडीतले स्पिन-संबंध अगदी बारकाईने मोजून, त्यात स्टॉपची भेसळ दिसते का ते बघायचं.

अनुनाद

कळलं. मग बातम्यांत येतं की ग्लुइनो २.३ टीईव्हीपर्यंत ‘नाकारला’. म्हणजे त्याखाली ग्लुइनो नाहीच असं म्हणायचं का?

उंबरठा

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. तो आकडा साध्या प्रतिकृतीचा असतो. ग्लुइनो १०० टक्के वेळा एकाच वाटेने फुटतो, न्यूट्रॅलिनो जवळपास वस्तुमानरहित आहे, बाकी सगळे सुपरसिमेट्रीचे कण आवाक्याबाहेर आहेत. या तीन गृहीतांवर २.२ ते २.४ टीईव्ही. खऱ्या सिद्धांतात ग्लुइनो चार-पाच वाटांनी फुटू शकतो आणि प्रत्येक वाटेला घटना विभागल्या जातात.

आलेख वाचताना आडव्या अक्षावर ग्लुइनोचं आणि उभ्या अक्षावर न्यूट्रॅलिनोचं वस्तुमान असतं. बातमीत येतो तो रेषेचा उजवीकडचा टोकाचा बिंदू. कर्णाकडे, म्हणजे दोन्ही वस्तुमानं जवळ येतात तिकडे बघा. तिथे जेट मवाळ होतात, मेट घटते, आणि मर्यादा झपाट्याने खाली घसरते. स्क्वार्कचंही (क्वार्कच्या साथीदारांचंही) असंच. आठही हलक्या स्क्वार्कचं वस्तुमान एकच मानलं तर मर्यादा सुमारे १.८५ टीईव्ही, एकच स्क्वार्क हलका मानला तर सुमारे १.२. फरक फक्त गृहीताचा.

सगळ्यांत मोठी मोकळी जागा हिग्सिनोची (हिग्सच्या साथीदारांची). हिग्सचं वस्तुमान ‘नैसर्गिक’ राहायचं तर हिग्सिनो काही शे जीईव्हीतच हवेत, आणि नेमकं त्यांच्या वस्तुमानांतलं अंतर काही जीईव्हीचंच असतं. क्षयातले लेप्टॉन ३ ते १० जीईव्हीचे. ते पकडायला कडक जेटचा धक्का हवा, मवाळ म्युऑन ओळखण्याची खास पद्धत हवी, आणि इतकं करूनही मर्यादा २०० जीईव्हीच्या आसपासच पोचते. ग्लुइनो २ टीईव्हीपलीकडे ढकलला गेला म्हणून सुपरसिमेट्री संपली, असं म्हणणारे लोक हा कोपरा विसरतात.

शून्यबिंदू

हिग्सिनो निघालाच आहे तर गायब होणारे ट्रॅक. विनो (डब्ल्यूचे साथीदार) प्रकारात चार्जिनो (विद्युतभारित साथीदार) आणि न्यूट्रॅलिनो यांच्या वस्तुमानांतलं अंतर फक्त १६० एमईव्हीच्या आसपास असतं. चार्जिनो त्यामुळे ०.२ नॅनोसेकंद जगतो, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर जातो, मग न्यूट्रॅलिनो आणि एका अतिमवाळ पायॉनमध्ये फुटतो. पायॉन इतका मंद की त्याचा ट्रॅक जुळत नाही. दिसतं काय? आतल्या पिक्सेल थरांत चार ठिपके, आणि नंतर काहीच नाही.

अ‍ॅटलासमध्ये पहिला पिक्सेल थर बीमपासून ३.३ सेंटिमीटरवर, चौथा १२.२५ वर. चारही थर ओलांडण्याची शक्यता घातांकी नियमाने काढा. संवेग आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर १ धरलं तर विनोसाठी सुमारे १३ टक्के. हिग्सिनोचा पल्ला जेमतेम सेंटिमीटरभर, त्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी, ज्या काही थोड्या वेगवान चार्जिनोंचा काळ लांबतो तेवढेच कामाला येतात. म्हणूनच याच शोधात विनोची मर्यादा ६६० जीईव्हीपर्यंत आणि हिग्सिनोची २१० पर्यंत आली. तीनच थरांवर ट्रॅक जुळवला तर हिग्सिनोसाठी फायदा खूप, पण मग निरनिराळ्या कणांचे ठिपके योगायोगाने एका रेषेत येऊन खोटे ट्रॅक तयार होतात, आणि ते वेगाने वाढतात. बाकीची पार्श्वभूमी म्हणजे पदार्थात आदळून संपलेला हॅड्रॉन आणि एकदम फोटॉन सोडून वळलेला इलेक्ट्रॉन.

दशांश

आता आकडेशास्त्र, कारण मर्यादा या शब्दामागे काय आहे ते न कळता आलेख वाचले जातात.

समजा सिग्नल रीजनमध्ये (सगळे कट लावून सिग्नल शोधायच्या गटात) पार्श्वभूमी ३ अपेक्षित, आणि डेटामध्ये ० दिसल्या. साधी ९५ टक्के मर्यादा लावली तर सिग्नल अधिक ३ ची एकूण अपेक्षा २.९९६ च्या खाली हवी (एवढी अपेक्षा असताना ० दिसण्याची शक्यता ५ टक्के). म्हणजे सिग्नल शून्याहून कमी! शून्य सिग्नलसुद्धा ‘नाकारला’ गेला, जो मूर्खपणा आहे. पार्श्वभूमी नशिबाने खाली गेली म्हणून आपण संवेदनक्षम झालो असं होत नाही. सीएलएस पद्धत हे टाळते. सिग्नल-अधिक-पार्श्वभूमीच्या शक्यतेला निव्वळ पार्श्वभूमीच्या शक्यतेने भागायचं, आणि ते गुणोत्तर ०.०५ च्या खाली गेलं तरच नाकारायचं. वरच्या उदाहरणात उत्तर येतं ३.० घटना. डेटामध्ये १ दिसली असती तर साध्या पद्धतीने १.७, सीएलएसने ३.६.

हे समाकल यांच्या पहिल्या आकड्याला जोडा. ग्लुइनोच्या १४० जोड्या, सगळ्या कटांनंतर १० टक्के उरल्या तरी १४ घटना. आपली मर्यादा ३ ते ४ घटनांची. म्हणून २ टीईव्ही आवाक्यात येतो.

अजून एक. ८ टीईव्हीच्या डेटामध्ये अ‍ॅटलासला झेड अधिक जेट अधिक मेट या शोधात २९ घटना दिसल्या होत्या, अपेक्षा १०.६ अधिक-उणे ३.२. ३ सिग्माचा (३ प्रमाणित विचलनांचा) फरक. सीएमएसला तसं दिसलं नाही, आणि १३ टीईव्हीच्या मोठ्या डेटामध्ये तो मावळला. डझनावारी शोध, प्रत्येकात डझनावारी सिग्नल रीजन. त्यात कुठे तरी ३ सिग्मा निघणारच. शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक.

कडेलोट

बाहेरून कुणाला स्वतःची प्रतिकृती या मर्यादांवर तपासायची असेल तर काय करावं? साधनं मिळतात का?

गणक

मिळतात, सगळी मुक्त. मॅडग्राफने टक्कर, पायथियाने जेट, डेल्फिसने डिटेक्टरची ढोबळ नक्कल, आणि हेपडेटावरून त्या शोधाचे अधिकृत आकडे. कणांची वस्तुमानं आणि क्षय एका एसएलएचए फाईलमध्ये देतात. तिथे न्यूट्रॅलिनोचं वस्तुमान कधी ऋण दिसतं. ती चूक नव्हे, मिश्रणाचं चिन्ह आहे. ते ‘दुरुस्त’ करून धन केलं तर कपलिंग चुकतात.

मूळ प्रक्रियेसोबत दोन जादा जेटपर्यंत घटना तयार करा, विशेषतः वस्तुमानं जवळ असतील तर, नाहीतर धक्का देणारी जेट फक्त पायथियाच्या भरवशावर राहते. जुळणीची पातळी (मॅडग्राफच्या आणि पायथियाच्या जेटमधली सीमा) साधारण तयार होणाऱ्या कणाच्या वस्तुमानाच्या चतुर्थांश ठेवतात. ती चुकली तर जेट दोनदा मोजल्या जातात किंवा मध्ये खड्डा पडतो. जेटच्या विभाजनाचा आलेख गुळगुळीत आला की पातळी बरी आहे असं समजा. क्रॉस सेक्शन मात्र मॅडग्राफचं घेऊ नका, उच्च क्रमाच्या प्रकाशित आकड्यांशी सामान्यीकरण करा. ग्लुइनोसाठी फरक मोठा असतो.

मग पहिलं काम: स्वतःची प्रतिकृती बाजूला ठेवा. प्रयोगाने हेपडेटावर जो नमुना बिंदू दिला आहे त्याचा कट-दर-कट तक्ता तुमच्या साखळीतून काढा. प्रत्येक ओळीत २० टक्क्यांच्या आत जुळला तर पुढे जा. नाही जुळला तर बहुतेक वेळा चूक बी-टॅगच्या कार्यक्षमतेत, लेप्टॉनच्या एकलेपणाच्या अटीत, किंवा एकाच वस्तूला जेट आणि लेप्टॉन दोन्ही मोजण्यात असते.

मर्यादा काढताना मोह होतो तो असा: वीस सिग्नल रीजनपैकी जो सगळ्यांत कडक नाकारतो तो घ्यायचा. तो प्रत्यक्ष डेटा बघून निवडला तर खाली डुललेला रीजन निवडला जातो आणि मर्यादा खोटी कडक होते. *अपेक्षित* (डेटा न बघता, पार्श्वभूमीवरून काढलेली) मर्यादा सगळ्यांत चांगली असलेला रीजन निवडायचा आणि मग त्याचीच प्रत्यक्ष मर्यादा सांगायची. रीजन एकमेकांवर पडत असतील तर त्यांचा गुणाकार करू नये. अलीकडे अ‍ॅटलास अनेक शोधांचं पूर्ण संभाव्यता-फलन हेपडेटावर देतं. पायएचएफ या साधनात ते घातलं की सगळे रीजन सहसंबंधांसह एकत्र वापरता येतात.

गायब ट्रॅकसाठी डेल्फिसच्या नेहमीच्या मांडणीवर विसंबू नका. तिथे प्रयोगाने दिलेले आयुष्य आणि त्रिज्येनुसार कार्यक्षमतेचे तक्ते वापरा.

कडेलोट

खूप आभार. खरा डेटा हाताळायचा असेल तर?

गणक

सर्नचं ओपन डेटा पोर्टल. सीएमएस २०१४ पासून तिथे डेटा टाकत आहे. अ‍ॅटलासने २०२४ मध्ये २०१५ आणि २०१६ चा प्रोटॉन टकरींचा संशोधनयोग्य डेटा खुला केला, सुमारे ६५ टेराबाइट. सगळा उतरवू नका. आधी एक छोटा संच घेऊन त्यात झेडचं दोन म्युऑनचं शिखर ९१ जीईव्हीवर येतं का बघा. ते आलं नाही तर पुढचं सगळं चुकेल.

शून्यबिंदू

कडेलोट, झेडचं शिखर जमलं की लगेच शेपटीकडे जाऊ नका. मध्ये जेटच्या ऊर्जेचं मापन तपासा. परिणामी वस्तुमानाचा आलेख घातांकी घसरतो. समजा दर २०० जीईव्हीला तो ई पटीने, म्हणजे २.७ पटीने, कमी होतो. जेटची ऊर्जा सगळीकडे २ टक्के जास्त मोजली गेली तर २००० जीईव्हीवरची घटना ४० ने सरकते, आणि २००० च्या वरच्या घटना २२ टक्क्यांनी वाढतात. २ टक्क्यांच्या चुकीतून २२ टक्के. कंट्रोल रीजनमध्येही जेट तशाच चुकत असल्यामुळे गुणोत्तरात यातलं बरंचसं कटतं, पण फक्त दोन्हींकडे जेटची संख्या आणि त्यांचे संवेग सारखे असतील तर. चार जेटच्या सिग्नल रीजनसाठी दोन जेटचा कंट्रोल रीजन घेतला तर ते कटत नाही. म्हणून कंट्रोल रीजनचे कट सिग्नल रीजनपासून शक्य तितके कमी हलवा, एका वेळी एकच अट मोडा, आणि कुठली मोडली ते लिहून ठेवा.